रेडर सोडून बाकीचे सहा: कबड्डीवरच्या स्टुडंट फिल्मची साइड कॅरेक्टर्स

तू लिहिलंयस की वीस मिनिटांची फिल्म आहे, शाळेच्या कबड्डी टीमवर, हीरो रेडर म्हणजे चढाई करणारा, त्याचं सगळं जमलंय पण बाकीचे सहा जण आणि सर पुठ्ठ्याचे वाटतायत. यादी पण दिलीयस, एक जाडा, एक विनोदी, एक पैसेवाल्याचा, एक गरीब पण प्रामाणिक. वाचून हसू आलं कारण आमच्या फिल्ममध्ये अगदी हेच चौघे होते. मी तर बाराच्या बारा पोरांची कुंडली लिहिलेली, कोणाला कुठली भाजी आवडत नाही इथपर्यंत, आणि एडिटला बसलो तेव्हा कळलं की वाइड शॉटमध्ये सगळ्यांची जर्सी एक, केसांची कटिंग एक, आणि मलाच कोण कोणता ते ओळखू येईना. भाजी गेली खड्ड्यात.

तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगतो की पोराचा स्वभाव शोधायला आधी त्याच्या घरी जाऊ नकोस, तो मैदानात कुठे उभा राहतो ते बघ. डाव्या कोपऱ्यातला पोरगा वाकून उभा असतो, रेडरच्या पायावर नजर, घोटा हाताला लागेपर्यंत वाट बघणार. कव्हरवाला, म्हणजे मधल्या बाजूला उभा राहणारा, बरोब्बर उलटा, त्याला डॅश मारायची, म्हणजे अंगाने धडक देऊन रेडरला बाहेर ढकलायची घाई, आणि तो अर्धा सेकंद आधी सुटला की कोपऱ्यातल्याने इतका वेळ लावलेला सापळा फुकट. झाली की दोन माणसं, आणि त्यांचं आपसातलं भांडणही तयार. आता घरी जा हवं तर, कव्हरवाला जेवताना पण पहिला उठतो का वगैरे.

दुसरी गोष्ट साखळी. कोपऱ्यातला आणि त्याच्या शेजारी आतल्या बाजूला उभा असलेला, ज्याला इन म्हणतात, एकमेकांचा हात धरून उभे असतात, हे तुझ्या स्क्रिप्टमध्ये कुठेच नाही आणि मला वाटतं तिथेच तुझी फिल्म आहे. समज या दोघांचं फाटलंय, एकाने दुसऱ्याचं नाव सरांना सांगितलं म्हणून, आठ दिवस बोलणं बंद. मॅच सुरू झाली, हात तर धरावाच लागणार. एकाने हात पुढे केला, दुसऱ्याने नुसती दोन बोटं दिली. क्लोज-अप घे आणि गप्प बस, डायलॉग नको. पुढे शेवटच्या रेडला त्याने आख्खं मनगट पकडलं वगैरे करायचा मोह होईल, सगळेच करतात, जमलं तर टाळ.

आता जे मला फार उशिरा कळलं ते. आमचा रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जोडणी, एका जुन्या खेळाडूला दाखवला, ते दहा मिनिटं शांत बसले आणि मग म्हणाले, हा मघाशी बाद झाला ना, मग आत कसा, याला आणला कुणी? मला उत्तरच देता येईना. कबड्डीत समोरचा एक बाद केला की आपला एक आत येतो, पण जो आधी बाद झाला तोच आधी येतो, बाहेर त्याच क्रमाने बसायचं. लिहिणाऱ्याला यापेक्षा अजून काय पाहिजे? तिघं बाहेर बसलेत, सरांना हवाय तिसरा, चांगला पकड करणारा, पण नंबर आहे पहिल्याचा, ज्याने मघाशी घाण केलीय. सर त्याच्याकडे बघतात, तो जमिनीकडे बघतो. आणि बोनसच्या पॉइंटला, म्हणजे रेडरने नुसती बोनस रेषा ओलांडून मिळवलेल्या गुणाला, कोणीच आत येत नाही. म्हणजे तुझा हीरो बोनस मारून मांडी थोपटतोय, पब्लिक ओरडतंय, आणि बाहेर बसलेले तिघं तसेच बसलेत. त्या तिघांची तोंडं दाखव, हीरोबद्दल टीमला काय वाटतं ते सांगायला वेगळा सीन लागणार नाही. फक्त एक बघ, बोनस मिळायला समोर निदान सहा जण लागतात, नाहीतर तो जुना खेळाडू तुलाही भेटेल.

सरांचं सांगतो. शिट्टी वाजवून ओरडणारे सर नकोत प्लीज. आपल्याकडे खेळाच्या सरांचा निम्मा वेळ प्रवेशिका भर, मुख्याध्यापकांची सही आण, टेम्पोवाल्याशी घासाघीस कर यातच जातो, आणि खेळाचा तास गणिताच्या बाई पोर्शन राहिलाय म्हणून मागून घेतात. ते चिडतात ते या सगळ्यावर, निघतं पोरांवर. आणि दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात एवढ्यासाठीच पोराला खेळू देणारी एक आई असू दे, ती व्हिलन नाही, तिचा हिशोब बरोबर आहे.

टीम शाळेचीच ठेवणार की क्रीडा मंडळाची, यावर एकदा विचार कर. मंडळाची किशोर गटाची टीम घेतलीस तर १६ वर्षं आणि ५५ किलोची मर्यादा येते, आणि वजनकाटा आला की तुझा तो ‘जाडा’ आपोआप माणूस होतो. सकाळपासून पाणी प्यायलेला नाही, स्वेटर घालून उन्हात पळतोय, बाकीचे समोर वडापाव खातायत, आणि त्यातला एक जण वडापाव कागदात गुंडाळून वजनानंतर द्यायला खिशात ठेवतो. हा खिशात ठेवणारा कोण, ते तू ठरव.

वीस मिनिटांत तीन, फार तर चार जण उभे राहतील, बाकीच्यांना गर्दी म्हणून राहू दे, त्यांना एकेक डायलॉग वाटत बसू नको. कास्टिंगला खरे खेळाडू घे. खेळाडूला बघायला शिकवता येतं, नाटकातल्या पोराला आठ दिवसांत घोटा धरायला शिकवता येत नाही, आमच्या एकाने दोन्ही गुडघे सोलून घेतले आणि तिसऱ्या दिवशी आलाच नाही.

आणि हो, सातच आत असतात, पाच बदली. त्यातला एक असा लिही ज्याला आख्ख्या सीझनमध्ये आत घेतलेलं नाही. मॅचआधी पंच नखं तपासतात, वाढलेली असली तर कापून ये म्हणतात, आणि दरवेळी अख्खी टीम याच्याकडे धावते कारण नेलकटर याच्याच खिशात असतं. आमच्या टीममध्ये होता असा, मी त्याला एडिटमध्ये कापला, अजून वाईट वाटतं.