आईंची झोप : आधी घड्याळ बघ

तू लिहिलंस, सासूबाई पहाटे तीनलाच उठून बसतात. आधी सांग, आडव्या किती वाजता होतात? आमच्याकडे सासरे जेवून साडेआठलाच अंथरुणात. तीनला जाग म्हणजे साडेसहा तास झाले की! वर दुपारची दीड तास डुलकी. पासष्टीपुढे सात-आठ तास पुरतात, मग रात्रीच्या वाट्याला उरणार काय?

म्हणून पहिल्यांदा उठायची वेळ पक्की कर, झोपायची नाही. रात्र कशीही गेली तरी सहाला उठवायचं आणि चहाचा कप घेऊन गॅलरीत, उजेडात बसवायचं. झोपायला दहाच्या आधी जाऊ द्यायचं नाही. आम्ही सासऱ्यांना नऊ वाजता शेंगा सोलायला बसवायचो. कुरकुरायचे, पण जागे राहायचे. पहिला आठवडा घरात सगळेच वैतागतात, तेव्हा माघार घेऊ नकोस.

दुपारची झोप अर्धा तास, तीही तीनच्या आत आणि शक्यतो खुर्चीत. चारनंतर चहा बंद. (आमच्याकडे सगळ्यात मोठं भांडण ह्यावरूनच!) पाणी दिवसा भरपूर, संध्याकाळी बेताने. बाथरूमच्या वाटेवर मंद दिवा हवाच.

वीसेक मिनिटं झोप लागली नाही, तर कुशी बदलत पडू न देता खुर्चीत बसवून जपमाळ हातात दे.

मेडिकलमधून परस्पर झोपेची गोळी मात्र आणू नकोस, ह्या वयात तोल जाऊन पडायची भीती असते. मोठ्याने घोरत असतील किंवा घोरता घोरता श्वास अडकत असेल, तर सरळ डॉक्टरांकडे ने.