वसतिगृहाच्या यादीत नाव नाही, आता खोली कशी शोधायची?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रवेश मिळाला पण वसतिगृह मिळाले नाही, अशी पत्रे दर पावसाळ्यात येतात. यंदा त्यातली बहुतेक पुण्याविषयी आहेत, म्हणून या वेळी पुण्याचेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : मुलाला पुण्यात अभियांत्रिकीला कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या फेरीत प्रवेश मिळाला. कॉलेजच्या वसतिगृहाच्या यादीत नाव नाही. आठ दिवसांनी वर्ग सुरू होतात आणि पुण्यात आमचे कोणी नाही. एक एजंट म्हणतो, दहा हजार टोकन पाठवा, खोली धरून ठेवतो. पाठवावे का? — एक पालक, वाशीम जिल्हा

पाठवू नका. न पाहिलेल्या खोलीसाठी एक रुपयाही देऊ नका, एजंट खरा असला तरीही. तुम्हाला आत्ता वर्षभराची खोली लागत नाही, पहिल्या महिन्याचे छप्पर लागते. हे दोन वेगळे शोध आहेत. ते एकत्र केले की घाईत ११ महिन्यांचा करार होतो आणि दिवाळीपर्यंत पश्चात्ताप.

पहिल्या महिन्यासाठी कॉट बेसिसवर जागा घ्या. एका खोलीत तीन-चार कॉट, त्यातली एक आपली. भाडे महिन्याचे, डिपॉझिट थोडे किंवा नाहीच. वर्ग सुरू होण्याच्या तीन दिवस आधी मुलाला घेऊन या, एखाद्या लॉजवर किंवा धर्मशाळेत दोन रात्री काढा आणि कॉलेजभोवती पायी फिरा. खोल्यांचे खरे पत्ते मेस, झेरॉक्सचे दुकान आणि वरच्या वर्गातली मुले यांच्याकडे मिळतात. मेसच्या भिंतीवर ‘एक रूम पार्टनर पाहिजे’ अशा चिठ्ठ्या असतात. त्यात दलाली नसते, शिवाय तिथे राहणाऱ्या मुलाला घरमालक कसा आहे ते विचारता येते.

एवढ्या घाईतही महिनाभर थांबायचे, कारण वसतिगृहाची प्रतीक्षा यादी हलते. कॅपच्या पुढच्या फेऱ्यांत बेटरमेंट (आधीपेक्षा वरच्या पसंतीची जागा) घेऊन काही मुले दुसऱ्या कॉलेजात जातात, त्यांच्या खाटा रिकाम्या होतात. त्या ऑनलाइन दिसतीलच असे नाही. रेक्टरच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आपल्या प्रवर्गाच्या यादीत कितवा क्रमांक आहे ते विचारा आणि प्रत्येक फेरी संपली की मुलाला स्वतः तिथे जायला सांगा. वसतिगृहाची फी तयार ठेवा. रिकामी खाट मिळाली तर पैसे भरायला एक-दोन दिवसच देतात, आणि तेवढ्यात पैसे उभे राहिले नाहीत तर ती पुढच्या मुलाला जाते.

याच महिन्यात ट्रस्टची वसतिगृहेही पालथी घाला. विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून ग्रामीण, गरजू मुलामुलींना राहण्या-जेवणाची सोय देते. तिथे मुलाखतीने प्रवेश मिळतो. जैन, मराठा, लिंगायत अशा समाजांची बोर्डिंगे आहेत, त्यातली काही इतर समाजांच्या मुलांनाही घेतात. मात्र बरेच पालक सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडच्या आवारात वसतिगृह मागायला जातात. ती वसतिगृहे आवारातल्या विभागांत शिकणाऱ्यांसाठी आहेत. संलग्न कॉलेजच्या मुलाने तिथे दिवस घालवू नये.

भाग निवडताना किलोमीटर मोजू नका, गाडी किती वेळा बदलावी लागते ते मोजा. कॉलेज शिवाजीनगरला असेल तर डेक्कनला महाग खोली घेण्याआधी दापोडी, कासारवाडी, पिंपरीकडे पाहा. लोणावळा लोकल आणि पिंपरी ते स्वारगेट मेट्रो दोन्ही शिवाजीनगरला थांबतात. धनकवडी, आंबेगावच्या कॉलेजांसाठी मात्र त्याच बाजूला राहणे बरे, कात्रज-स्वारगेटची संध्याकाळची कोंडी मुलाचा अभ्यासाचा वेळ खाते. सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठेत स्पर्धा परीक्षांच्या मुलांमुळे कॉट भरपूर आणि अभ्यासिका जवळ. पण जुन्या वाड्यातली खोली पाहताना ओल, लाकडी जिना आणि उघड्या वायरी नीट बघा.

खोली दुपारी पाहू नका, संध्याकाळी सात ते नऊमध्ये पाहा. सगळी मुले परतलेली असतात, तेव्हाच कळते की एका संडासामागे किती जण आहेत, नळाला पाणी आहे का आणि मोबाइलला रेंज येते का. रात्री जिन्याच्या ग्रिलला कुलूप लागत असेल तर किल्ली कोणाकडे असते ते विचारा. बाहेर पडायचा एकच रस्ता आणि त्याची किल्ली दुसऱ्या इमारतीतल्या मालकाकडे, अशी जागा कितीही स्वस्त असली तरी सोडा. आग लागली तर मुलांना उतरायला वाट नसते.

प्रश्न : कर्वेनगरमध्ये मुलींचे पीजी पाहिले. दोन महिन्यांचे डिपॉझिट, ११ महिन्यांचा लॉक-इन आणि वर ‘जीएसटी वेगळा’ असे सांगतात. हे नेहमीचे आहे का? — विद्यार्थिनी, लातूर

दोन महिन्यांचे डिपॉझिट नेहमीचे. जीएसटी बहुधा लागू नाही. जुलै २०२४ पासून माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतची निवासाची सेवा सलग किमान ९० दिवसांसाठी असेल तर तिला करातून सूट आहे. तुम्ही वर्षभर राहणार आणि रक्कम या मर्यादेत असेल तर मालकांना ही सूट दाखवा. तरीही कर घ्यायचाच म्हणाले तर जीएसटी क्रमांक असलेले बिल मागा. बिल द्यायची तयारी नसेल तर त्या नावाने पैसे देऊ नका.

लॉक-इनचे नीट समजून घ्या. लॉक-इन म्हणजे मधेच सोडले तर उरलेल्या महिन्यांचे भाडे किंवा डिपॉझिट जाणार. नोटीस पिरियड म्हणजे महिनाभर आधी सांगून सोडता येणार. तुम्हाला नोटीस पिरियड हवा आहे. लॉक-इन सोडतच नसतील तर तीन महिन्यांवर आणा आणि ‘कॉलेजचे वसतिगृह मिळाल्यास किंवा प्रवेश रद्द झाल्यास लॉक-इन लागू नाही’ ही ओळ लिहून घ्या. तोंडी होकार जूनमध्ये मिळतो आणि ऑगस्टमध्ये कोणाला आठवत नाही.

जेवण भाड्यात असेल तर खाडा (न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करणे) किती दिवसांपासून धरतात ते विचारा. गणपती, दिवाळी, सेमिस्टरची सुट्टी धरली तर वर्षाचे बरेच दिवस तुम्ही घरी असता, आणि खाडा नसेल तर त्या दिवसांचेही पैसे जातात. गीझरची वेळ, कपाटाला स्वतःचे कुलूप, दार बंद होण्याची वेळ, प्रॅक्टिकलमुळे उशीर झाला तर काय, आजारी पडल्यावर आईला राहू देतात का, हेही आधीच विचारा. पावती दर महिन्याला घ्या. निदान यूपीआयने पैसे देताना ‘जुलै भाडे’ असे लिहा.

प्रश्न : आम्ही चौघे मिळून फ्लॅट घेत आहोत. भाडे २४,०००, डिपॉझिट ७२,०००. मालक म्हणतात, नोटरी पुरे, रजिस्ट्रेशनचा खर्च कशाला? आमच्यातला एक जण अजून १७ वर्षांचा आहे. — विद्यार्थी, सांगली

नोटरी पुरेशी नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही. हे शेवटचे वाक्य मालकांना शांतपणे सांगून पाहा. नोंदणी त्यांच्याही फायद्याची आहे हे त्यांना पटते.

खर्चाचा हिशेब असा. ११ महिन्यांचे भाडे २,६४,०००. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, ते ११ महिन्यांचे ६,६००. एकूण २,७०,६००. त्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ६७६ रुपये ५० पैसे, शंभरात वर नेले की ७००. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. शिवाय घरी येऊन अंगठे घेणाऱ्या माणसाचा मेहनताना, तो आधी ठरवा. चौघांत वाटले तर ही रक्कम फार नाही, आणि तिच्यावर तुमचे ७२,००० सुरक्षित राहतात. नोंदणी ऑनलाइन होते. दोन्ही बाजूंचे आधार कार्ड, फोटो, अंगठा आणि दोन साक्षीदार लागतात. शुल्क कोणी भरायचे ते आधी बोलून घ्या, बऱ्याच ठिकाणी निम्मे-निम्मे करतात.

१७ वर्षांच्या मित्राची सही चालणार नाही, १८ वर्षांखालच्या व्यक्तीने केलेला करार कायद्याने निरर्थक असतो. त्याच्या वतीने वडील किंवा आई करारात राहू दे. बाकी तिघांची नावेही करारात हवीतच. एकाच्याच नावावर फ्लॅट घेतला आणि तो फेब्रुवारीत सोडून गेला तर उरलेल्यांना तिथे राहण्याचा कागदोपत्री हक्क उरत नाही, आणि डिपॉझिटही त्याच्याच खात्यात परत जाते. कोणी किती डिपॉझिट भरले हे करारातच लिहा.

सही करण्याआधी मालकांकडून सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, घर कोणाच्या नावावर आहे ते दाखवणारा नोंदणीचा उतारा) आणि मिळकतकराची पावती किंवा वीजबिल पाहा. नाव जुळले पाहिजे. मालक परदेशी असून भाऊ किंवा केअरटेकर करार करत असेल तर कुलमुखत्यारपत्र मागा. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणे मालकाचे काम आहे, ती दिल्याची पोच मागून ठेवा. ताबा घेताना वीजमीटरचे रीडिंग आणि प्रत्येक खोली मोबाइलवर चित्रित करून मालकांना त्याच दिवशी पाठवा. गॅससाठी कनेक्शनची वाट पाहत बसू नका, ओळखपत्रावर ५ किलोचा सिलिंडर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही.

प्रश्न : मालक तयार आहेत, पण सोसायटी ‘बॅचलर नको’ म्हणते. सोसायटीची परवानगी लागते का? — विद्यार्थी, नाशिक

परवानगी लागत नाही. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार) सभासदाने, म्हणजे फ्लॅटमालकाने, सोसायटीला कळवून कराराची प्रत द्यायची असते. भोगवटेतर शुल्कही (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ते मालकाने भरायचे. पण वर्षभर रोज भांडत राहणे तुम्हाला परवडणार नाही. टोकन देण्याआधी मालकांना सेक्रेटरींकडे घेऊन जा, कॉलेजचे ओळखपत्र आणि एका पालकाचा फोन नंबर द्या. तरीही विरोध असेल तर दुसरी इमारत पाहा.

प्रश्न : मी अनुसूचित जातीतून आहे. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही. स्वाधार योजनेच्या पैशांवर खोली घेता येईल का? — विद्यार्थी, नांदेड जिल्हा

योजना तुमच्यासाठीच आहे. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत पुण्यासारख्या मोठ्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. त्यात भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे आणि शिकायचे ठिकाण तुमचे राहते शहर नसावे. गुणांची अट आणि मुदत यंदाच्या जाहिरातीतच पाहा. आधी शासकीय वसतिगृहाचा अर्ज केलेला असणे महत्त्वाचे, त्याची प्रत जपा.

मात्र हे पैसे जूनमध्ये हातात येत नाहीत. अर्जाची छाननी होऊन हप्त्याहप्त्याने, आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात, आणि त्याला बरेच महिने लागतात. डिपॉझिट आणि पहिली तीन भाडी घरून किंवा उसनवारीवर काढावी लागतील असेच धरून चाला, आणि म्हणूनच कमी डिपॉझिटची कॉट घ्या. निवासाचे २०,००० बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला १,६६६ येतात, पुण्यात तेवढ्यात कॉट मिळणे कठीण आहे. कॉलेजच्या कमवा व शिका योजनेतही नाव घाला. भाडेकरार किंवा मालकाचे पत्र अर्जासोबत मागतात, ते न देणारी जागा घेऊ नका.

आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आणि इतर मागास, विमुक्त, भटक्या प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीवर आहेत.

प्रश्न : जाहिरातीत दोन खोल्यांचा फ्लॅट फारच स्वस्त आहे. मालक सैन्यात आहेत, बदली झाली म्हणतात. सोसायटीच्या गेटपाससाठी क्यूआर कोड पाठवला आहे. — पालक, धुळे

ही फसवणूक आहे. वर्दीतला फोटो आणि ओळखपत्र बहुतेक वेळा दुसऱ्याचे असते. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातातच, येत कधीच नाहीत. पाठवले असतील तर आत्ता १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : मेमध्ये फ्लॅट सोडला. रंगकामाचे म्हणून मालकांनी निम्मे डिपॉझिट ठेवले. — माजी विद्यार्थिनी, सोलापूर

करारात रंगकामाचा उल्लेख आहे का ते पाहा. नसेल तर रोजच्या वापराने भिंत मळणे हे भाडेकरूचे नुकसान धरता येत नाही. खिळे ठोकून पडलेली भोके, फुटलेली काच यांचे पैसे मात्र द्यावे लागतील. मालकांना लेखी कळवा, खर्चाचे बिल मागा, ताब्याच्या वेळचे चित्रीकरण जोडा आणि १५ दिवसांची मुदत द्या. उत्तर आले नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जागा फ्लॅट नसून जेवणासह पीजी असती तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ हा आणखी एक मार्ग होता.

पुढचे भाडे देणे थांबवून डिपॉझिट वसूल करायचा सल्ला मैत्रिणी देतात, तो अजून फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनीही ऐकू नये. भाडे थकवले की कराराचा भंग तुमच्याकडून होतो. आणि मुदत संपल्यावर जागा अडवून धरली तर त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते, तशी तरतूद महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ मध्ये आहे.