विचारा बिनधास्त : कार्दो, पालोमा आणि जुळ्या भावाची भानगड

प्रश्न : मी दुबईत नोकरी करते. ऑफिसातल्या फिलिपिनो मैत्रिणींच्या तोंडी सारखा हा कार्दो, म्हणे तो काही केल्या मरतच नाही. परवा एकीने क्लिप दाखवली तर तो चक्क बाईच्या वेशात! ही कॉमेडी आहे की पोलिसांची सिरीयल?

उत्तर : अहो दोन्ही, पण मारामारी जास्त. सिरीयलचं नाव 'आंग प्रोबिन्स्यानो', एबीएस-सीबीएन चॅनलवर २८ सप्टेंबर २०१५ ला सुरू झाली. आदोर आणि कार्दो हे जुळे भाऊ, दोघेही पोलीस, दोघांचं काम कोको मार्टिननेच केलंय. आदोर मारला जातो आणि कार्दोला त्याच्या जागी आदोर म्हणून उभं करतात, म्हणजे बघा, सख्खा भाऊ गेलाय आणि चारचौघांत रडायचीसुद्धा सोय नाही, उलट त्याचाच युनिफॉर्म घालून ड्युटीवर जायचं. माझ्या मते सिरीयलचा खरा जीव इथे आहे, पुढच्या बंदुका-बिंदुका ठीकच.

तुम्ही पाहिलेली ती पालोमा. २०१६ च्या सुरुवातीचा ट्रॅक. बायका पळवून विकणाऱ्या टोळीत शिरायचं म्हणून कार्दो विग, लिपस्टिक, हाय हील्स असा सगळा थाट करतो, आणि तिकडे लोकांनी पालोमाला अक्षरशः डोक्यावर घेतलं. पुरुषाने बाईचं सोंग घेतलं की आपल्याकडेही आधी हशाच पिकतो, पण इथे हसताना पोटात गोळा पण येतो, कारण पकडला गेला तर संपलाच.

आणि आजी! लोला फ्लोराचं काम सुसान रोसेस यांनी केलंय. मूळ १९९७ चा सिनेमा फर्नांडो पो ज्युनियर यांचा, त्यातही जुळे भाऊ तेच झाले होते, आणि सुसानबाई त्यांच्या पत्नी. नवऱ्याच्या गाजलेल्या रोलमध्ये आता दुसरा हिरो, आणि त्याची आजी आपण! मे २०२२ मध्ये त्या गेल्या, सिरीयल त्याच वर्षी १२ ऑगस्टला संपली.

प्रश्न : मध्येच चॅनल बंद पडलं होतं ना?

उत्तर : हो. लायसन्सची मुदत संपली, ५ मे २०२० ला फ्री टीव्हीवरचं प्रक्षेपण थांबलं आणि जुलैत संसदेच्या समितीने ७० विरुद्ध ११ मतांनी नवं द्यायला नकार दिला. पण सिरीयल केबलवर आणि ऑनलाइन चालूच राहिली. मरत नाही म्हणतात ते उगीच नाही!

प्रश्न : सगळे भाग बघायलाच हवेत का?

उत्तर : छे हो, जवळजवळ १,७०० आहेत, नोकरी सोडावी लागेल. पहिले काही आठवडे बघा आणि मग थेट पालोमा. आणि हो, डायरेक्टर्समध्ये रोडेल नासियानसेनो हे नाव दिसलं तर तो कोको मार्टिनच बरं का, त्याचं खरं नाव तेच आहे.