वाचकांचे प्रश्न : कागद बदलू नकोस, तांबं घास

प्रश्न : सर, मी सांगलीला डिप्लोमाला आहे, ईएनटीसी म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन. ५५५ टायमर चिपचा छोटा पीसीबी, म्हणजे सर्किटचा तांब्याचा बोर्ड, घरीच टोनर ट्रान्सफरने करतोय, म्हणजे सर्किटच्या लाईनींची लेझर प्रिंट इस्त्रीने तांब्यावर उमटवून. तीनदा केला आणि तिन्ही वेळा अर्ध्या लाईनी कागदाबरोबरच उचलून आल्या. फोटो पेपर झाला, मासिकाचं गुळगुळीत पान झालं, ऑनलाईन पिवळा ट्रान्सफर पेपरपण मागवला. आता कुठला कागद घेऊ?

उत्तर : अजून कागद घेऊच नकोस बाबा. दहातली आठ पत्रं अशीच येतात, कागदावर पैसे घालवलेले असतात आणि बोर्ड मात्र दुकानातून आणला तसाच वापरलेला. तांबं डोळ्याला चकचकीत दिसतं पण त्यावर बोटांचं तेल असतं, ऑक्साईडचा पातळ थर असतो, त्यावर टोनर काय धरणार? भांड्याचा हिरवा स्क्रबर आणि भांडी घासायची पावडर घे, दोन मिनिटं गोल गोल घास आणि नळाखाली धर. पाणी सगळीकडे एकसारखं पसरून राहिलं तर झालं, कुठे थेंब गोळा होऊन सरकायला लागले तर तिथे अजून तेलकट आहे, परत घास. मग आयपीएचा (आयसोप्रोपिल अल्कोहोलचा) एक हात, आणि त्यानंतर बोर्ड फक्त कडेने धरायचा, तांब्याला बोट लावलंस की परत पहिल्यापासून.

दुसरं म्हणजे इस्त्री. टोनर म्हणजे प्लास्टिकची पावडर, ती वितळून तांब्याला चिकटली पाहिजे, म्हणून इंकजेटची प्रिंट इथे चालत नाही. इस्त्री कॉटनच्या सेटिंगवर ठेव, वाफ बंद, खाली लाकडी फळी. आधी कागदाशिवाय बोर्डच थोडा तापवून घे कारण तांबं उष्णता लगेच पळवतं, मग कागद ठेवून चार-पाच मिनिटं दाबून, आणि कडांना इस्त्रीचं टोक फिरव, लाईनी बहुतेक वेळा तिथूनच सुटतात. घाई करून गरम कागद ओढू नकोस. साधा फोटो पेपर असेल तर बोर्ड गार होऊ दे, कोमट पाण्यात पंधरा मिनिटं बुडव आणि अंगठ्याने कागदाचा लगदा चोळून काढ, राहिलेला पांढरा भुगा जुन्या टूथब्रशने.

आणि हो, झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढतोस ना? त्याला टोनर सेव्ह मोड बंद करायला सांग. माझा पहिला बोर्ड त्यातच गेला होता, काळं म्हणून जे दिसत होतं ते उजेडात धरल्यावर करडं निघालं, आणि मी आठवडाभर इस्त्रीला शिव्या घालत होतो. एकदोन ठिकाणी लाईन तुटली तर परमनंट मार्करने जोड, पण सुरुवातीला लाईन ०.५ मिमीपेक्षा बारीक ठेवूच नकोस.

प्रश्न : प्रिंट मिरर, म्हणजे आरशातल्यासारखी उलटी करायची का नाही? माझा आयसी (चिप) उलटा बसला.

उत्तर : भोकं पाडून पार्ट वरून बसवायचे आणि तांबं खाली, असा एकेरी बोर्ड असेल तर बॉटम लेयर, म्हणजे डिझाईनमधला खालच्या तांब्याचा थर, आहे तसाच प्रिंट काढा, इस्त्री करताना तो आपोआप उलटतो. तांबं वरच्या बाजूला, म्हणजे एसएमडी (भोकांशिवाय तांब्यावरच डाग देऊन बसवायचे) पार्ट असतील तर टॉप लेयर मिरर करून. खूण म्हणून तांब्याच्या लेयरवर चार अक्षरं टाका, बोर्डावर ती सरळ वाचता आली पाहिजेत. झालेला बोर्ड टाकू नका, आयसीचे पाय उलट्या बाजूला वाकवून काम निघतं, दिसतं भयानक तो भाग वेगळा.

प्रश्न : माझा मुलगा फेरिक क्लोराईड का काय ते माझ्या स्टीलच्या डब्यात कालवतो आणि बेसिनमध्ये ओततो. चालतं का?

उत्तर : अजिबात नाही ताई. ते बोर्डावरचं नको असलेलं तांबं खाऊन टाकायला वापरतात, पण स्टीलपण खातं, डबा बघा, बुडाला बारीक खड्डे पडले असतील. प्लास्टिकचा ट्रे द्या त्याला, हातमोजे, चष्मा आणि जुना शर्ट, तो तांबूस डाग सहसा जात नाही. पावडर पाण्यात थोडी थोडी टाकायची कारण पाणी चांगलंच तापतं, पावडरवर पाणी ओतायचं नाही. खिडकी उघडी ठेवा. बोर्ड झाल्यावर ते पाणी लगेच फेकायचंही नसतं, प्लास्टिकच्या बाटलीत भरून, नाव लिहून, लहान मुलांपासून लांब ठेवलं तर अजून कितीतरी बोर्ड निघतात. अगदीच निकामी झालं तरी गटारात नको, त्यात तांबं विरघळलेलं असतं आणि ते पाण्यातल्या जीवांना घातक. कॉलेजच्या लॅबमध्ये विचारायला सांगा, त्यांच्या केमिकल कचऱ्याबरोबर घेतात का ते. आणि तो डबा कितीही घासला तरी आता डाळ-तांदळाला वापरू नका, त्यालाच देऊन टाका स्क्रू ठेवायला.