गोराईत आजोबांचं कौलारू घर आहे, मागे वाडी आहे. यंदा पावसाळाभर तिथे राहायचंय. आधी काय करून ठेवावं, आणि वादळाचा इशारा आला तर?

तुम्ही लिहिलंय की घर बरीच वर्षं बंदच होतं, मागे माड, दोन आंबे, एक फणस आणि विहीर आहे, आणि गळती काढण्यापलीकडे नेमकं काय बघायचं ते सांगणारं घरात आता कोणी नाही. मी शेजारच्या मनोरीचा. पन्नास पावसाळे इथेच काढलेत, तेवढ्या आधारावर लिहितो.

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, तयारी मृगाच्या आधी उरकायची हा आपल्या वाडवडिलांचा हिशेब. तो आता चार आठवडे अलीकडे आणा. मुंबईत मोसमी पावसाची नेहमीची तारीख ११ जून, पण २०२५ साली तो २६ मेलाच आला. आमच्या आळीत तेव्हा दोन घरांची कौलं खाली उतरवून ठेवलेली होती. आणि वादळ तर पावसाचीही वाट बघत नाही. तौक्ते १७ मे २०२१ला आलं, निसर्ग ३ जून २०२०ला. म्हणून १० मेपर्यंत घर तयार, असं धरून चाला.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आपल्या घरांची सगळी राखण पश्चिमेला असते. पडवीला झापं, म्हणजे विणलेल्या झावळ्या, लावायची ती समुद्राच्या अंगाला, ताडपत्री त्याच बाजूला. मोसमी पावसासाठी ते बरोबरच आहे, कारण तो वारा नैऋत्येचा. तौक्तेच्या वेळी आमच्या वडिलांनीही तसंच केलं होतं. पश्चिमेची पडवी झापांनी बंद, त्या उतरणीच्या कौलांवर जुनं जाळं टाकून खाली वाशांना बांधलेलं. मागच्या स्वयंपाकघरावर मी मोठ्या हौसेने पत्रे घातले होते, तिकडे कोणी बघितलंच नाही. आणि सकाळी वारा आला तो मागून, पूर्वेच्या खाडीकडून. समुद्राकडच्या झापांची काडी हलली नाही, आणि मागचा आठ फुटी पत्रा माडाच्या खोडाला टॉवेल वाळत घातल्यासारखा दुमडून बसला होता. तेव्हा आई चुलीपासून दोन पावलांवर होती.

कारण अगदी साधं आहे, पण मला ते पत्रा उडाल्यावर कळलं. आपल्याकडे वादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. ते दक्षिणेकडून वर येत असतं तेव्हा आपल्याला वारा पूर्वेचा लागतो, समोरच्या समुद्रातून जाताना दक्षिणेचा होतो, आणि गुजरातच्या दिशेने पुढे सरकलं की नैऋत्येचा. निसर्ग तर अलिबागकडे किनाऱ्याला लागलं, म्हणजे आपल्या खाली, त्यामुळे तेव्हाही वारा जमिनीकडूनच. तुम्ही मागची बाजू आधी बघा. मागचं दार, मोरीची खिडकी, न्हाणीवरचा पत्रा, गोठ्याची शेड, काय असेल ते.

कौलं आणि पत्रा यांचा स्वभाव वेगळा. वारा पडवीतून आत शिरला की छप्पर आतून वर ढकलतो, आणि वरून जाणारा वारा त्याला ओढतो. कौलांच्या फटींतून हवा सुटते, म्हणून चार-दहा कौलं जातात पण छप्पर राहतं. पत्र्याला फट नाही, तो जातो तेव्हा अख्खा जातो. पत्रे असतील तर प्रत्येक हुक खालून, आतून बघा. वरची टोपी छान दिसते आणि खाऱ्या हवेने आतला हुक सुईएवढा उरलेला असतो. आमचे तसेच होते.

कौलं परतून घ्यालच. तेव्हाच, छप्पर उघडं असताना, वासे तपासा. वासा भिंतीवर टेकतो त्या टोकाला पेचकस टोचायचा. लोण्यात गेल्यासारखा गेला तर तो वासा बदला, वरून रंग कितीही चांगला असो. बंद घरात वाळवी याच टोकातून चढते. कौल विकत आणण्याआधी जुनं एक उलटं करून बघा, पाठीवर कारखान्याचा छाप असतो. वेगवेगळ्या कारखान्यांची मंगलोरी कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत, मग फट राहते आणि गवंडी म्हणतो पाऊसच तिरका होता. त्याच छापाची वीस-पंचवीस जास्तीची घेऊन ओटीखाली रचून ठेवा.

वाडीचं म्हणाल तर माडाला फार घाबरू नका. निरोगी माड वाकतो आणि परत उभा राहतो. पडतो तो बहुतेक आतून पोखरलेला. खोडाला भोक, त्यातून तांबूस चिकट पाणी, चघळून टाकल्यासारखा भुसा, असं दिसलं तर सोंड्या भुंगा समजा. खोडाला कान लावलात तर आत कुरतडल्याचा आवाजही येतो. असा माड घराच्या टप्प्यात उभा ठेवू नका. बाकीच्यांवरचे तयार नारळ आणि सुक्या झावळ्या मेच्या पहिल्या आठवड्यात उतरवून घ्या. माडावर चढणारी माणसं आता आपल्याकडे बोटावर मोजण्याइतकी उरलीत आणि मेमध्ये ती सगळ्यांनाच हवी असतात, तेव्हा एप्रिलमध्येच सांगून ठेवा.

आंबा आणि फणस मात्र खरे धोक्याचे, कारण पानोरा भरगच्च. छाटताना लोक घराकडच्या फांद्या तेवढ्या काढतात आणि झाड एका अंगाला जड करून ठेवतात. मग ते शेजाऱ्याच्या घरावर जातं. चारही बाजूंनी हलकं करायचं. पण कोयता उचलण्याआधी एक लक्षात घ्या, गाव वाटलं तरी आपण मुंबई महापालिकेत आहोत. स्वतःच्या वाडीतलं झाड असलं तरी छाटायला आणि तोडायला १९७५च्या झाडांच्या कायद्याखाली परवानगी लागते. वॉर्डच्या उद्यान खात्यात अर्ज मार्चमध्येच टाका, मेमध्ये त्यांच्याकडे रांग असते. बुंध्याभोवती कोबा घातलेला असेल तर तो फोडून माती मोकळी करा. आणि दारात शेवगा असेल तर त्याच्याखाली स्कूटर लावू नका. एवढंच. त्याची फांदी मोडायला पावशेर वाराही पुरतो.

विजेबद्दल एकच गोष्ट हात जोडून सांगतो. कपडे वाळत घालायची लोखंडी तार काढून टाका, आजच. ती एका टोकाला पत्र्याच्या खिळ्याला बांधलेली असते, जवळून खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर गेलेली असते, तिचं आवरण कुठेतरी घासतं आणि ओला टॉवेल टाकणारा माणूस जागेवर चिकटतो. नायलॉनची दोरी लावा. जुन्या घरात अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या आणि मीटरनंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच तोडणारा स्विच, बसवा. त्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबायचं.

विहीर उपसून घ्या. पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि पाणी घुसलं तर पुन्हा टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग, पावडर टाका. लोक मुठीने टाकतात, तसं नको. विहिरीचा व्यास मीटरमध्ये, गुणिले पुन्हा व्यास, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ७८५, म्हणजे किती लिटर ते कळतं. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली, न विरलेली पावडर. दोन मीटर व्यास आणि तीन मीटर पाणी असेल तर साधारण साडेनऊ हजार लिटर, म्हणजे चोवीस-एक ग्रॅम. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी पोहऱ्याने विहिरीत खोलवर सोडायचं, आणि निदान तासभर ते पाणी वापरायचं नाही. पावसाळाभर पिण्याचं पाणी तरीही उकळा.

साप निघणारच. सरपण भिंतीला टेकवून रचू नका आणि जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी गादीखाली खोचा. मण्यार रात्री अंथरुणात येते, तिचा चावा मुंगीसारखा वाटतो. चावलाच तर आवळून बांधणं नाही, ब्लेड नाही, १०८ लावा.

इशारा आला की पहिला विचार खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटीचा. वारा वाढला की फेऱ्या बंद होतात आणि मग बाहेर पडायला उत्तन-भाईंदरचा रस्ता तेवढा राहतो, तोही झाड पडलं की गेला. घरात म्हातारं माणूस, लहान मूल किंवा रोजचं औषध लागणारं कोणी असेल तर आदल्या दिवशी उजेडी बोरिवलीत नातेवाइकांकडे जा. लाल इशाऱ्याच्या दिवशी भरतीची वेळही बघा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मोठा पाऊस एकत्र आले की खाडी पाणी घेत नाही, उलट पाठवते. मोठ्या भरतीच्या तारखा महापालिका हंगामाआधीच जाहीर करते, कॅलेंडरवर गोल करून ठेवा. मदतीला महापालिकेचा १९१६.

राहणारच असाल तर अंगणात काही मोकळं ठेवू नका. कुंडी, बादली, रिकामा पिंप सगळं आत. विहिरीच्या पंपाचा स्विच बंद, सिलिंडर बंद, पिण्याचं पाणी भरून, फोन चार्ज करून, माजघरात बसा. वादळ थेट डोक्यावरून गेलं तर मधे अचानक सामसूम होते, आणि लोक कौलं बघायला बाहेर पडतात. थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने परत येतो. आणि सगळं संपल्यावर पडलेल्या तारेला, तारेवर पडलेल्या फांदीला हात लावायचा नाही, वीज गेलेली असली तरी. शेजाऱ्याचा इन्व्हर्टर किंवा जनरेटर कुठून काय उलटं पाठवेल सांगता येत नाही.

पाऊस संपला की लगेच दोर सोडू नका. अरबी समुद्रात वादळांचा दुसरा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. फयान ११ नोव्हेंबर २००९ला आलं होतं, झापं काढून झाल्यावर. आमच्याकडे कौलांवरचं जाळं आता नोव्हेंबर उलटल्याशिवाय माळ्यावर जात नाही, आणि घराच्या डोक्यावर ते लक्तर तसंच ठेवून दिवाळीचा कंदील लावायचा म्हणून आई दरवर्षी भांडते.