वाचक विचारतात : नागपुरात एकच दिवस हाताशी असेल तर

प्रश्न : डिसेंबरात सकाळी सातला नागपूर स्टेशनवर उतरतोय, रात्री नऊला पुढची गाडी. चौघे आहोत. सावजी खायचंच आहे. कोल्हापूरचे असल्यामुळे तिखटाची भीती नाही. दिवस कसा आखावा?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सावजी म्हणजे नागपूरचं झणझणीत रश्श्याचं जेवण, ते दुपारीच उरका. रात्री जेवून लगेच बर्थवर आडवे झालात तर छातीतली जळजळ अर्धी रात्र जागवेल. आणि कोल्हापूरचं जरा बाजूला ठेवा. तांबडा रस्सा जिभेवर पडताक्षणी आपली ओळख देतो. सावजीत खसखस, खोबरं, मिरे, लवंग, दगडफूल भाजून अगदी बारीक वाटलेलं असतं. पहिल्या दोन घासांना ‘एवढंच?’ वाटतं, चौथ्याला कान तापतात. मिरचीचा जाळ तेलात उतरतो, म्हणून वर तरंगणारी तर्री सगळ्यांत जहाल. त्यावर पाणी पिऊन काही होत नाही, ताक किंवा भात घ्या. मागवतानाच ‘तर्री कमी, रस्सा वेगळा’ म्हणा. यात कमीपणा नाही, इथलेही म्हणतात. चौघांत आधी दोनच प्लेट घ्या, सोबत ज्वारीची भाकरी. खानावळीच्या फळ्यावर ‘खूर’ म्हणजे पाय आणि ‘सुंदरी’ म्हणजे बकऱ्याची आतडी. नावावर भुलून मागवू नका, पण आवडत असेल तर जरूर खा. हे जेवण मूळचं हलबा कोष्टी विणकरांचं, म्हणून जुन्या खानावळी महाल, इतवारी, गोळीबार चौक या भागांत. दिसायला साध्या, पण दुपारी भरलेल्या असतील तिथे बसा.

आता सकाळ. सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाका. बॅगेला कुलूप नसेल तर घेत नाहीत, तेव्हा प्रत्येक बॅगेला एक छोटं कुलूप घरूनच आणा. मग नागपूर रेल्वे स्टेशनवरून अ‍ॅक्वा लाइनची मेट्रो धरून सीताबर्डीला उतरा (इथे नुसतं ‘बर्डी’ म्हणतात), तिथे ऑरेंज लाइन बदलून कस्तुरचंद पार्क. पार्काच्या आसपास तर्री पोहे खा : पोह्यांवर काळ्या चण्याचा रस्सा, वर कच्चा कांदा, सांबार आणि लिंबू. सांबार म्हणजे इथे कोथिंबीर, दाक्षिणात्य सांबार नव्हे. उपाशीपोटी आहात, तर्री पहिल्यांदा अर्धीच घाला. हा सकाळचाच खाऊ, उशीर केलात तर गार पोहे मिळतील.

तिथून झिरो माइलचा दगडी खांब आणि चार घोडे पाहायला दहा मिनिटं पुरतात. खरा वेळ द्यायचा तो १८६३ साली सुरू झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयाला. गावात त्याला ‘अजब बंगला’ म्हणतात. सोमवारी बंद. सीताबर्डीचा किल्ला मात्र लष्कराच्या ताब्यात आहे, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट अशा ठरावीक दिवशीच आत सोडतात, डिसेंबरात बाहेरूनच पाहा. जेवणानंतर दीक्षाभूमी. डॉ. आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी इथे धम्मदीक्षा घेतली. भव्य स्तूप आतून पोकळ आहे, आत शांत बसता येतं. जवळचं मेट्रो स्टेशन रहाटे कॉलनी, पुढे रिक्षा. संध्याकाळ फुटाळा तलावावर काढा.

विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरातच भरतं. त्या दिवसांत खोल्या मिळत नाहीत. तुम्हाला मुक्काम नाही, पण बेत बदललात तर आधी तारखा तपासा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. सावजीत आमच्यासाठी काय?

उत्तर : पाटोडी रस्सा आणि डाळकांदा. पाटोडी म्हणजे शिजवलेल्या बेसनाची वडी, ती गरम रश्श्यात पडते. जास्त वेळ ठेवली की फुगून विरघळू लागते, म्हणून वाढल्यावर लगेच खा. मटणाच्या खानावळीत चमचा, पातेलं एकच असू शकतं. चालत नसेल तर बाहेर ‘शुद्ध शाकाहारी’ लिहिलेलं सावजीच शोधा. तिखट नकोच असेल तर वडाभात मागवा : भातावर डाळींचे वडे कुस्करायचे आणि वर गरम तेलाची फोडणी.

प्रश्न : गेल्या दिवाळीत नागपूरहून दोन डझन संत्री आणली. आंबट निघाली, शिवाय निम्मी गाडीतच सडली. कुठे चुकलं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन ठिकाणी. दिवाळीत बाजारात असतो आंबिया बहार, संत्र्याच्या दोन हंगामांपैकी एक. त्याची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात, फळ ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर. पहिला तोडा आंबटच. रात्री थंड पडू लागल्या की रंग चढतो, तोवर साल हिरवट राहते. नोव्हेंबरच्या शेवटी या, किंवा मृग बहारासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये.

सडण्याचं कारण बहुधा देठ. एक फळ उचला, देठाची बाजू बघा. कात्रीने कापलेला छोटा देठ असेल तर घ्या. देठ ओढून काढला असेल तर तिथे साल फाटते, बुरशी तिथूनच शिरते आणि शेजारच्या फळालाही लागते. मग वजन बघा. नागपुरी संत्र्याची साल सैल असतेच, पण अंगठ्याने दाबल्यावर आत फोडीच लागत नसतील आणि फळ हलकं असेल तर ते सुकलेलं. प्लॅस्टिकची पिशवी नको, वाफ धरते. भोकं पाडलेलं खोकं किंवा जाळीची पिशवी, आणि दर मुक्कामाला उलटून मऊ पडलेलं फळ काढून टाका. घाऊक बाजार कळमन्याला आहे. डझनासाठी तिथवर जाऊ नका, बर्डीवर घ्या.

संत्रा बर्फी नेणार असाल तर खोक्यावरची तारीख वाचा. फार जुनी कडक होते.

प्रश्न : मे महिन्यात आलो तर?

उत्तर : पारा ४५ च्या आसपास असतो. सकाळी दहापर्यंत फिरा, मग थेट संध्याकाळी सहाला बाहेर पडा, आणि सावजीचा नाद त्या महिन्यापुरता सोडा.