कायदा प्रश्नोत्तरे : न्यायमूर्ती लर्नेड हँड

अमेरिकेच्या फेडरल अपील कोर्टातले न्यायमूर्ती लर्नेड हँड यांच्याविषयी वाचकांनी विचारलेले काही प्रश्न.

प्रश्न : फेडरल अपील कोर्ट म्हणजे आपलं हायकोर्टच का?

उत्तर : नाही. अमेरिकेत राज्यांची कोर्टं वेगळी, केंद्राची वेगळी. केंद्राच्या कोर्टांत खाली जिल्हा कोर्ट, मधे अपील कोर्ट, वर सुप्रीम कोर्ट. हँड १९०९ साली न्यूयॉर्कच्या फेडरल जिल्हा कोर्टात आले आणि १९२४ साली तिथल्याच सेकंड सर्किट (म्हणजे त्या विभागाच्या) अपील कोर्टात गेले. आपल्याकडे हायकोर्टाचे न्यायाधीश ६२व्या वर्षी निवृत्त होतात. तिथली नेमणूक तहहयात असते.

प्रश्न : इतकं नाव असूनही ते सुप्रीम कोर्टात का पोचले नाहीत?

उत्तर : त्यांना नेमलं होतं राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी. पण १९१२च्या निवडणुकीत हँड टाफ्ट यांच्याविरुद्ध उभे राहिलेल्या थिओडोर रूझवेल्ट यांच्या बाजूने गेले. पुढे टाफ्ट सरन्यायाधीश झाले आणि हँड यांच्या नावाला त्यांनी विरोध केला. १९४२ साली पुन्हा जागा रिकामी झाली, तेव्हा हँड सत्तरीचे होते. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३७ साली सत्तरी ओलांडलेल्या न्यायाधीशांवरच मोहीम चालवलेली, त्यामुळे सत्तरीच्या हँड यांना नेमणं त्यांना अडचणीचं झालं. त्यांनी तरुण रटलेज यांना नेमलं. रटलेज १९४९ साली वारले. हँड १९६१पर्यंत जगले. माझ्या मते नुकसान सुप्रीम कोर्टाचं झालं.

प्रश्न : लॉ कॉलेजात शिकवतात ते हँड यांचं सूत्र कुठल्या खटल्यातलं?

उत्तर : १९४७च्या कॅरोल टोइंग खटल्यातलं. जानेवारी १९४४मध्ये न्यूयॉर्क बंदरात टगवाल्यांनी (टग म्हणजे दुसऱ्या बोटी ओढणारी बोट) दोरखंड नीट न बांधल्याने पीठ भरलेलं एक बार्ज, म्हणजे मालवाहू सपाट बोट, सुटलं, टँकरवर आदळलं आणि बार्जच्या तळाशी भोक पडलं. बार्जवरचा माणूस आदल्या संध्याकाळपासून गायब होता, त्यामुळे पाणी शिरतंय हे कुणाला कळलंच नाही आणि बार्ज बुडालं. मग बार्जमालकाचाही हलगर्जीपणा धरायचा का? हँड यांनी तीन गोष्टी विचारात घेतल्या : अपघाताची शक्यता किती, झालाच तर नुकसान किती, आणि खबरदारीचा बोजा किती. शक्यता आणि नुकसान यांच्या गुणाकारापेक्षा बोजा कमी असूनही खबरदारी घेतली नाही, तर तो हलगर्जीपणा. युद्धाच्या धामधुमीत, गजबजलेल्या बंदरात, दिवसाउजेडी बार्जवर माणूस हवाच होता, असं त्यांनी ठरवलं. मालकाच्या भरपाईला त्यामुळे कात्री लागली. या सूत्रात हिशेब नेमका मांडता येत नाही हे खरं, पण काय काय तोलायचं ते स्पष्ट कळतं.

प्रश्न : अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे ते कैवारी होते ना?

उत्तर : १९१७ साली नक्कीच होते. महायुद्धात 'द मासेस' हे युद्धविरोधी मासिक टपालाने पाठवायला पोस्टाने नकार दिला. कायदा मोडायला थेट चिथावणी नसेल तर कडक टीकाही चालते, असं सांगून हँड यांनी मासिकाच्या बाजूने आदेश दिला. अपील कोर्टाने तो काही महिन्यांतच फिरवला. पण १९५० साली कम्युनिस्ट नेत्यांची शिक्षा कायम करणारा डेनिस खटल्यातला निकालही हँड यांनीच लिहिला. खालच्या कोर्टाला वरच्या कोर्टाचे निकाल मानावे लागतात, हे मला मान्य आहे. तरीही १९१७चा निकाल ज्यांनी वाचलाय, त्यांना १९५०चा वाचताना वाईट वाटतं. मला वाटतं.